भिंगरी आणि भिंत

एका जागी स्वस्थ न बसणाऱ्या माणसाला आपण म्हणतो, याच्या पायाला भिंगरी लागली आहे. ती भिंगरी म्हणजे गरगर फिरणारे खेळणे. पण त्याच नावाचा एक पक्षीही आहे आणि त्याला ते नाव अगदी शोभते. लांब निमुळते पंख, इवलीशी चोच, आणि दिवसभर हवेत गिरक्या घेत किडे टिपणे हा उद्योग. पुष्कळ ठिकाणी लोक तिला पाकोळी म्हणतात. अशी ही सदा भिरभिरणारी भिंगरी वर्षातून एकदा मात्र घर बांधायला घेते, आणि ते घर बऱ्याचदा माणसाच्या घराच्या वळचणीला असते. मग भांडण सुरू होते. भिंतीवर चिखल, खाली शिट, पहाटेपासून किलबिल. घरमालक झाडू नाहीतर काठी घेऊन बाहेर येतो.

हे भांडण जगभर आहे, पण त्याची सगळ्यांत बोलकी हकीकत मला कॅलिफोर्नियातल्या एका गावाची वाटते. गावाचे नाव सान हुआन कापिस्त्रानो. लॉस एंजेलिस आणि सान डिएगो यांच्या साधारण मध्ये, समुद्रापासून जवळच. या गावाने आधी भिंगऱ्या हाकलल्या, मग त्यांना आसरा दिला, त्यांच्या नावाने जगभर कीर्ती मिळवली, आणि शेवटी त्यांना घालवून बसले. तेही काठीने नव्हे, भिंतीवरच्या प्रेमापोटी. म्हणूनच ही हकीकत सांगावीशी वाटते.

स्पॅनिश धर्मगुरूंनी कॅलिफोर्नियात एकूण २१ मिशने उभारली. त्यांतले हे सातवे. फादर हुनिपेरो सेरा यांनी १ नोव्हेंबर १७७६ रोजी त्याची स्थापना केली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघून तेव्हा चार महिनेही झाले नव्हते, आणि इकडे आपले सवाई माधवराव अडीच वर्षांचे होते. मिशन म्हणजे नुसते प्रार्थनामंदिर नव्हे. शेती, गुरेढोरे, विणकाम, चामडे कमावणे, चरबीच्या मेणबत्त्या, साबण असा सगळा कारखाना तिथे चाले. राबणारे हात मात्र तिथल्या मूळ रहिवाशांचे, म्हणजे अहाचेमेन लोकांचे. स्पॅनिशांनी मिशनच्या नावावरून त्यांना हुआनेन्यो हे नवे नाव दिले.

१७९७ साली या मिशनने एक भव्य दगडी चर्च बांधायला घेतले. नऊ वर्षे काम चालले. १८०६ मध्ये ते पुरे झाले. वर दगडी घुमट होते. ८ डिसेंबर १८१२ रोजी, सणाच्या दिवशी, सकाळची प्रार्थना चालू असताना भूकंप झाला आणि छत खाली आले. सुमारे ४० माणसे गेली, बहुतेक सगळी अहाचेमेन. सहा वर्षांचे ते चर्च पुन्हा कधी बांधले गेले नाही. मागच्या अंगाच्या उंच भिंती, एक अर्धा घुमट आणि कमानी तेवढ्या उभ्या राहिल्या.

माणसाच्या लेखी तो भग्नावशेष. पण भिंगरीच्या डोळ्यांनी पाहा. खडबडीत दगडाची उंच उभी भिंत, वर पुढे आलेली कड, समोर मोकळे माळ, जवळच ओढे आणि त्यांच्या काठी चिखल. कॅलिफोर्नियातली ही भिंगरी मुळात डोंगराच्या कड्यांवर घर करणारी. इंग्रजी नावातही तिच्या कडा आहे. तिला हा आयता कडाच मिळाला.

या पक्ष्याचे बांधकाम पाहण्यासारखे असते. नर आणि मादी दोघेही चोचीत ओल्या चिखलाची एकेक गोळी आणतात आणि भिंत व छत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात चिकटवतात. एका घरट्याला साधारण ९०० ते १२०० गोळ्या लागतात. म्हणजे तेवढ्याच खेपा. पुरे झालेले घरटे आडव्या भोपळ्यासारखे दिसते, आत-बाहेर करायला एक आखूड मान असलेले तोंड. हा पक्षी एकटा राहत नाही. भिंतीला भिंत लावून वाडीच वसवतो. शेजाराचा उपयोगही मोठा. ज्याला किडे मिळाले नाहीत तो, भरल्या चोचीने परतलेल्या शेजाऱ्याच्या मागे जातो आणि त्याला खाण्याची जागा कळते. चार्ल्स ब्राउन या शास्त्रज्ञाने १९८६ मध्ये हे दाखवून दिले. त्यांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

भिंत कोणाची, हा प्रश्न मात्र कापिस्त्रानोत पक्ष्यांच्या आधी माणसांच्या बाबतीत निघाला. कॅलिफोर्निया तेव्हा मेक्सिकोच्या ताब्यात होता. १८३३ च्या कायद्याने मिशने धर्मसंस्थेकडून काढून घेण्यात आली. जमीन मूळ रहिवाशांना मिळेल असे बोलले गेले होते. प्रत्यक्षात १८४५ साली कापिस्त्रानोची मिशनची वास्तू लिलावात ७१० डॉलरला गेली. घेणाऱ्यांत जॉन फॉर्स्टर होते, आणि ते गव्हर्नर पिओ पिको यांचे मेहुणे होते. आपल्याकडच्या वाचकाला यात काही नवल वाटणार नाही. पुढे कॅलिफोर्निया अमेरिकेत गेला आणि १८६५ च्या मार्चमध्ये अध्यक्ष लिंकन यांच्या सहीने मिशन चर्चला परत मिळाले. ज्यांनी दगड वाहिले आणि जे त्या दगडांखाली गेले, त्या अहाचेमेन लोकांना मात्र काही परत मिळाले नाही. आदिवासी जमात म्हणून आम्हाला मान्यता द्या, अशी त्यांची मागणी होती. ती अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०११ मध्ये नाकारली. भिंतीवरच्या पाहुण्यांची काळजी करताना हे विसरू नये, म्हणून इथे नोंदवले.

आता झाडूची गोष्ट. १९१० साली फादर सेंट जॉन ओसलिव्हन हे क्षयाने खंगलेले धर्मगुरू इथे आले. हवापालट व्हावा हा हेतू. तेव्हा मिशनची पार रया गेली होती. या माणसाने तिथे ठाण मांडले आणि १९३३ मध्ये मृत्यू येईपर्यंत एकेक भिंत, एकेक छप्पर सावरत राहिला. सेरांच्या काळातले जुने छोटे प्रार्थनागृहही त्यांनीच पुन्हा वापरात आणले. १९३० साली चार्ल्स सॉन्डर्स यांच्याबरोबर त्यांनी या गावाच्या कथांचे एक पुस्तक काढले.

त्यांच्या नावावर सांगितली जाणारी कथा अशी. गावातून जाताना त्यांना एक दुकानदार दिसला. लांब दांड्याने तो वळचणीची घरटी पाडत होता आणि पक्षी आकांत करत होते. फादरनी विचारले, हे काय चालवले आहे? तो म्हणाला, घाण करतात, माझी भिंत खराब होते. मग ती बिचारी जातील कुठे? ते माझे काम नाही, असे उत्तर आले. तेव्हा फादर पक्ष्यांनाच म्हणाले, चला रे माझ्याकडे, मिशनमध्ये जागाच जागा आहे. दुसऱ्या दिवशी पाहतात तो सगळा थवा मिशनच्या भिंतीवर घरबांधणीला लागलेला.

ही कथा कथा म्हणूनच घ्यावी. पडक्या चर्चच्या भिंती फादर येण्याआधी जवळजवळ शंभर वर्षे तशाच उभ्या होत्या. एवढ्या काळात भिंगऱ्यांना त्या दिसल्या नसतील असे मानणे कठीण. पण दुकानदार मात्र खरा असणार. तो प्रत्येक गावात असतो. आणि त्याची तक्रारही खोटी नसते. चिखलाने रंग खराब होतो, शिटेने ओटा भरतो. शिवाय या घरट्यांत एक कीटक असतो, आपल्या ढेकणाचा अगदी जवळचा नातलग. पक्षी निघून गेले तरी तो घरट्यात उपाशी तग धरून राहतो आणि कधी कधी घरातल्या माणसांनाही चावतो. तेव्हा घरटी पाडणारा प्रत्येक जण दुष्ट, असे म्हणून चालणार नाही.

मिशनमध्ये अकू नावाचा एक वृद्ध घंटा वाजवत असे. तो मूळ रहिवाशांच्या वंशातला. भिंगऱ्या हिवाळ्यात कुठे जातात याचे त्याचे उत्तर मोठे गोड होते. त्या समुद्र ओलांडून थेट जेरुसलेमला जातात, आणि चोचीत एक काटकी नेतात. थकल्या की काटकी पाण्यावर टाकायची आणि तिच्यावर बसून विसावा घ्यायचा. खरे उत्तरही काही कमी अचाट नाही. या भिंगऱ्या दक्षिण अमेरिकेत जातात. अर्जेंटिनातल्या गोया गावाचे नाव त्यासाठी घेतले जाते. एका बाजूचा प्रवास दहा हजार किलोमीटरच्या आसपास भरतो. वजन म्हणाल तर जेमतेम दोन तोळे.

१९ मार्च हा सेंट जोसेफ यांचा दिवस. त्या दिवशी भिंगऱ्या परत येतात आणि २३ ऑक्टोबरला, गावाला ज्यांचे नाव आहे त्या संतांच्या दिवशी, निरोप घेतात, अशी परंपरा सांगितली जाते. पक्षी काही पंचांग पाहून निघत नाहीत. काही आधी येतात, बरेच नंतर. पण लोकांना तिथी लागते. १९३० च्या दशकात त्यांच्या आगमनाचे रेडिओवरून थेट प्रक्षेपण झाले. लिऑन रेने यांनी या आगमनावर एक गाणे लिहिले आणि १९४० मध्ये इंक स्पॉट्स या गायकवृंदाने गायलेली त्याची तबकडी घरोघरी पोचली. मग काय, मार्चमध्ये माणसांचे थवे पक्ष्यांपेक्षा मोठे दिसू लागले. मिरवणूक निघू लागली. ती आजही निघते. ज्या गावात घरटी पाडली गेली, त्याच गावाचे पोट आता त्या घरट्यांवर भरू लागले.

यापुढची हकीकत मला जास्त विचार करायला लावते. १९९० च्या दशकात दगडी चर्चच्या भिंतींची मोठी दुरुस्ती सुरू झाली. ती हवीच होती. १८१२ सारखा धक्का पुन्हा बसला असता तर उरलेलेही गेले असते. परांच्या बांधल्या, दगडांच्या सांध्यांत नवे मिश्रण भरले. त्या कामात भिंतीवरची जुनी घरटी काढावी लागली. काम वर्षानुवर्षे चालले. मार्चमध्ये भिंगऱ्या आल्या, परांच्या आणि माणसे पाहिली आणि पुढे गेल्या.

काम संपले. भिंत सुरक्षित झाली. भिंगऱ्या मात्र परतल्या नाहीत. एव्हाना आजूबाजूचे माळ जाऊन घरे आणि रस्ते झाले होते, ओढ्यांचे काठ बांधून काढले गेले होते. किडे कमी, चिखल कमी. आणि मिशन ही काही एकच उंच भिंत उरली नव्हती. महामार्गांचे काँक्रीटचे पूल होते, नव्या इमारतींच्या वळचणी होत्या. भिंगऱ्या काही मैलांवर अशा ठिकाणी आनंदाने राहू लागल्या. दरवर्षी १९ मार्चला मिशनची घंटा वाजे, शाळकरी मुले गाणी म्हणत, पाहुणे आकाशाकडे बघत, आणि आकाश रिकामे असे.

मग आर्जवे सुरू झाली. चिखलाची डबकी तयार केली. मातीची आयती घरटी टांगून पाहिली. अखेर चार्ल्स ब्राउन यांचा सल्ला घेतला. या भिंगऱ्यांचा त्यांच्याइतका अभ्यास फार थोड्यांनी केला असेल. त्यांच्या सांगण्यावरून २०१२ मध्ये भिंगऱ्यांच्या विणीच्या हंगामातल्या आवाजाचे ध्वनिमुद्रण मिशनच्या आवारात लावण्यात आले. पुढे एक कृत्रिम भिंत उभारून तिच्यावर हाताने घडवलेली घरटी बसवली. त्यामागचा विचार सरळ आहे. भिंगरीला जागा पसंत पडते ती आधीच्या वस्तीच्या खुणा पाहून. जुने घरटे तिला सांगते की इथे कुणीतरी पिल्ले वाढवली आहेत, इथे धोका नाही. कोऱ्या भिंतीवर ही साक्ष नसते. अलीकडे मिशनमध्ये काही घरटी पुन्हा दिसू लागली आहेत. गाण्यातले थवे मात्र नाहीत.

शाळेत इतिहास शिकवताना आम्ही कारणे आणि परिणाम असे दोन रकाने आखून देत असू. इथे ते रकाने मोठे विषम पडतात. घरटी काढायला एक हिवाळा पुरला. परत बोलवायला पाव शतक गेले, आणि तरी काम पुरे झालेले नाही. दुकानदाराच्या काठीने पक्षी गल्ली ओलांडून पलीकडे गेले, कारण पलीकडे जागा होती. दुरुस्तीने गेले ते मात्र गावच सोडून गेले.

आता थोडे कायद्याविषयी. आपल्या वाचकांपैकी बरेच जण, आणि आमच्या नात्यातली बरीच मुले, आता तिकडेच घरे करून आहेत. दर मार्चला त्यांच्यापुढे हा प्रश्न येतो, म्हणून सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर पक्ष्यांची पिसेच काय, अख्खे पक्षी बसवण्याची टूम होती. त्यापायी भिंगऱ्यांचीही कत्तल होई. ती पाहून जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८६ मध्ये आपल्या नियतकालिकात अग्रलेख लिहिला आणि त्यातून पहिली ऑड्युबॉन सोसायटी जन्मली. पुढे १९१६ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात स्थलांतरी पक्ष्यांविषयी करार झाला. किडे खाणाऱ्या उपयोगी पक्ष्यांच्या यादीत त्यात भिंगऱ्यांचे नाव होते. त्याच्या अंमलबजावणीचा कायदा १९१८ चा, आणि तो आजही लागू आहे.

त्याचा व्यवहारातला अर्थ असा. घरट्यात अंडी किंवा पिल्ले असतील तर त्याला परवान्याशिवाय हात लावायचा नाही, मग भिंत तुमची का असेना. भिंगरी नको असेल तर जे करायचे ते आधी. ती येण्यापूर्वीच, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, वळचणीपासून भिंतीपर्यंत बारीक जाळी ताणून बांधावी. जाळी सैल किंवा फटी असलेली नको, नाहीतर पक्षी तिच्यात अडकून मरतात. भिंत आणि छत यांचा कोपरा गुळगुळीत केला तर चिखल धरत नाही. नुकताच लागलेला ओला चिखल पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढता येतो, पण हे अंडी घालण्याआधीच, आणि चिकाटीने रोज. पक्षी दहा हजार किलोमीटर उडून आलेला आहे, एका फवाऱ्याने तो हार मानत नाही. प्लॅस्टिकचे घुबड, रबरी साप, कर्कश आवाज यांचा उपयोग होत नाही. एकदा अंडी पडली की शरद ऋतूपर्यंत थांबायचे. पक्षी गेले की घरटी खरवडून भिंत धुवावी, म्हणजे ते ढेकणासारखे कीटकही जातात. आणि नुसत्या शिटेचाच त्रास असेल, तर घरट्याखाली हातभर अंतरावर एक फळी ठोकली की प्रश्न मिटतो.

मला या कायद्यात एक शहाणपण दिसते. पहिल्या अंड्याआधी भिंत माणसाची, नंतर हंगाम संपेपर्यंत पक्ष्याची. दोघांच्याही हक्काला जागा ठेवलेली आहे.

विस्कॉन्सिन राज्यात एका शेतकऱ्याने तर याच्याही पुढे जाऊन पाहिले. त्याच्या कोठाराच्या लाकडाला रंग दिलेला नव्हता, त्यामुळे चिखल छान धरत असे. घरटी बळकावणाऱ्या चिमण्यांना तो तेवढे दूर ठेवी. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्या एकाच कोठारावर सुमारे दोन हजार घरटी नोंदलेली आहेत. उलट न्यू इंग्लंडकडे शेतकरी आपली कोठारे रंगवू लागले, तेव्हा तिथल्या वळचणी भिंगऱ्यांना निसटत्या झाल्या. रंग लावणाऱ्यांच्या मनात पक्षी नव्हताच. कापिस्त्रानोत पुढे झाले त्याचाच हा आधीचा प्रयोग म्हणायचा.

भिंगरी जात म्हणून मात्र हरलेली नाही. कड्यांवरून ती कोठारांवर आली, कोठारांवरून पुलांखाली आणि रस्त्याखालच्या मोऱ्यांत गेली, आणि पुलांच्या मागोमाग तिने पूर्वी कधी नव्हती अशा मुलखातही वस्ती केली. ब्राउन पतिपत्नींनी नेब्रास्कात १९८२ पासून पुलांखालच्या भिंगऱ्यांचा पाठपुरावा केला. रस्त्यावर वाहनांच्या धडकेने मेलेल्या पक्ष्यांचीही त्यांनी मोजदाद ठेवली. २०१३ मध्ये त्यांनी लिहिले की तीस वर्षांत असे मरणारे पक्षी कमी कमी होत गेले, आणि वस्तीतल्या भिंगऱ्यांचे पंख आखूड होत गेले. मरणाऱ्यांचे पंख मात्र लांब आढळत. आखूड पंखाला झटकन उभे उडून वाहन चुकवता येते, असा त्यांचा कयास आहे. आपल्याकडे दख्खनमध्ये पुलांच्या कमानींखाली मातीच्या मडक्यांची जी दाटी दिसते, ती या अमेरिकन भिंगरीच्याच जवळच्या नातलगाची. नदीवरच्या पुलाखाली वाकून पाहिलेत तर तुम्हालाही दिसेल.

म्हणजे जागा बदलून घेणे भिंगरीला जमते. प्रश्न उरतो तो भिंतीचा. कापिस्त्रानोची भिंत आज पूर्वीपेक्षा भक्कम आहे, स्वच्छ आहे, आणि तिच्याकडे पाहायला येणारे लोक तिच्यावर चिखलाचे डाग शोधत असतात.